मुंबई ते जेद्दा: तिकिटावर तीन तास, प्रवास साडेपाच तासांचा

उमराहचं तिकीट हातात आलं की लोक आम्हाला विचारतात, "सर, सकाळी दहाला मुंबईहून निघतं, दुपारी एकला जेद्दाला पोहोचतं. म्हणजे तीनच तास ना?" तसं नाही. निघण्याची वेळ मुंबईची छापलेली असते, पोहोचण्याची जेद्दाची. सौदीचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे, म्हणून प्रवास साडेपाच तासांचा. परतीला उलटं होतं. रात्री दहाला निघून पहाटे साडेपाचला मुंबई, हे दिसायला साडेसात तास, खरे पाचच.

मुंबई ते जेद्दा सरळ हवाई अंतर सुमारे 3,500 किलोमीटर. ताशी 850 च्या वेगाने हिशेब केला तर चार तासांच्या थोडं वर यायला हवं. पण विमान सरळ रेषेत जात नाही, ठरलेल्या मार्गाने जातं. धावपट्टीपर्यंतचा वेळ, चढण, उतरण हेही तिकिटात धरलेलं असतं. शिवाय उंचावरचे वारे, हिवाळ्यात तर जास्तच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना मागून ढकलतात.

हा सगळा हिशेब कशासाठी? एहरामसाठी. 1995 पर्यंत मुंबईहून हजची जहाजं जायची, तेव्हा यलमलम ही मीकात समुद्रातच यायची आणि तयारीला भरपूर वेळ असायचा. विमान बहुधा ताइफजवळच्या कर्न अल-मनाझिलच्या बाजूने जातं. तिथली घोषणा साधारणपणे उतरण्याच्या अर्धा तास आधी होते. विमान मिनिटाला बारा-तेरा किलोमीटर कापतं, म्हणजे मीकातची हद्द बघता बघता मागे पडते. त्या वेळी कपडे बदलायला उठलात तर बाथरूमपुढे रांग लागलेली असते. आणि एहराम मोठ्या बॅगेत टाकून ती बॅग काउंटरवर दिलेली असेल, तर मग विचारूच नका! एहरामशिवाय मीकात ओलांडली तर परत मीकातवर जावं लागतं, नाहीतर दम द्यावा लागतो. जेद्दालाच एहराम बांधला तर चालतो का, यावर उलमांमध्ये मतभेद आहेत. तो मसला आपल्या आलिमांना निघण्यापूर्वीच विचारून घ्यावा.

आमचं सांगणं असं, की चादरी घरी किंवा मुंबई विमानतळावरच बांधाव्यात. नियत आणि तलबिया घोषणेच्या वेळी. झोप लागायची भीती असेल तर त्याआधी केली तरी चालते. वृद्ध आई-वडील सोबत असतील तर घड्याळ सौदीच्या वेळेला लावून उतरण्याच्या एक तास आधी त्यांना जागं करा. नियत झाल्यावर विमानात मिळणारा सुगंधी टिश्यू वापरू नका. आधी मदीना असेल तर विमानात एहरामचा प्रश्नच नाही. तिथून मक्केला निघताना झुल-हुलैफाला बांधायचा.

रमजानमध्ये आणखी एक गोष्ट. मार्चमध्ये मुंबईत मगरिब पावणेसातच्या सुमारास होते. चारला सुटलेल्या विमानात तेव्हा खिडकीबाहेर ऊन असतं, आणि मनगटावरचं घड्याळ बघून रोजा सोडता येत नाही. जेद्दाला सूर्य मावळतो तेव्हा मुंबईत नऊ वाजलेले असतात. घड्याळातला फरक अडीच तासांचा असला तरी सूर्याचा सव्वादोन तासांचाच आहे, रोजा तेवढाच लांबतो. मुसाफिराला रोजा नंतर ठेवण्याची सवलत आहे. ठेवायचाच असेल तर सहरीत पाणी जरा जास्त प्या.