चीर भरावी की लाकूड टाकावे?

वैशाख पौर्णिमा जवळ आली की वस्तीतून आमच्याकडे कातकामाची मागणी वाढते. कुणाला तथागत व बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे ठेवायला मेणबत्तीचा स्टँड हवा असतो, कुणाला नातवासाठी पाळणा. लाकूड वखारीतले, स्वस्त आणि बहुधा ओलसर. लेथवर चढवून थोडे कातले की चीर तोंड वासते. मग नवशिका कारागीर भुशात फेव्हिकॉल कालवून ती लिंपतो आणि वर पॉलिश मारतो.

चीर पडते ती लाकूड सुकताना. वलयांच्या अंगाने लाकूड जेवढे आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडून सालीकडे आकसते. म्हणून मध्ये गाभा असलेला गोल ओंडका हमखास तडकतो. तो उभा चिरून गाभा काढावा. टोकांतून ओल लवकर उडते, तेव्हा दोन्ही टोकांना मेण किंवा उरलासुरला ऑइलपेंट फासावा. ओल्या लाकडातली चीर भरणे म्हणजे वाया गेलेली मेहनत. ती शेजारी पुन्हा उघडते.

केसासारख्या चिरेत पातळ सायनोॲक्रिलेट डिंक सोडावा, तो आपोआप आत झिरपतो. आधी भोवती लाखेच्या पॉलिशचा हात द्यावा, नाहीतर डाग राहतो. खिडकी उघडी ठेवावी, वाफेने डोळे चुरचुरतात. आणि सांडलेला डिंक सुती चिंधीने पुसू नये! सूत आणि हा डिंक एकत्र आले की चटका बसण्याइतके तापते. रुंद चिरेसाठी दोन नळ्यांचा इपॉक्सी घ्यावा, त्यात पॉलिशपेपरने निघालेली बारीक पूड मिसळावी, थोडा उंच भरून रात्रभर ठेवावा. भरण काळपट दिसते, दिसू द्यावे. काहीजण पितळेचा कीस घालतात. तो तर शोभून दिसतो.

पुन्हा लेथ लावताना वेग कमी ठेवावा, तोंडावर ढाल असावी, फिरत्या लाकडासमोर उभे राहू नये. चिरलेला तुकडा सुटला तर थेट तोंडावर येतो.

आता पाळण्याचे. मागे एकदा आम्हीही भरलेली दांडी पाळण्याला लावली. दिसायला देखणी. न्यायला आलेल्या आजींनी तिच्यावरून नख फिरवले.

“दादा, इथं काय भरलंय?”

आम्हाला उत्तर देता आले नाही. डिंकाने फट बुजते. पण रोज झोका खाणारे ओझे ती दांडी किती दिवस पेलेल, हे कुणालाच सांगता येत नाही, आणि वरून तर काहीच दिसत नाही. तेव्हापासून आरपार चीर असलेली दांडी आम्ही पाळण्याला लावत नाही. लाटणेही भरून देत नाही, नवे कातून देतो. लाकूड आणि अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, ती गिऱ्हाईक देत नाही.

आजींची दांडी त्याच दिवशी बदलली. काढलेल्या दांडीचा निकोप अर्धा भाग कापून त्याचा मेणबत्तीचा स्टँड केला. माथ्यावर पितळी वाटी बसवली, कारण ज्योतीपाशी उघडे लाकूड नको.