खडा आणि गोळी

आमच्या मोताळ्याच्या रस्त्यांवर पडणारी खडी म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा, काळा बसाल्ट. याच खडकाच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, अपोफिलाइटचे लखलखीत स्फटिक वाढतात. शेजारच्या जळगावकडचे असे स्फटिक परदेशी दुकानांत रोगनिवारक म्हणून विकले जातात. आपल्या पाट्या-वरवंट्याचेच हे सोयरे!

त्यांत खरेच गुण असतो? लंडनचे मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर फ्रेंच यांनी २००१ साली ८० जणांवरचा प्रयोग मांडला. काहींच्या हाती खरा स्फटिक, काहींच्या हाती नकली. ऊब, झिणझिण्या, प्रसन्नता दोन्हीकडे सारखीच!

म्हणजे माणसे खोटे बोलत नव्हती. अनुभव खरा होता. तो दगडाचा नव्हता, विश्वासाचा होता. म्हणून कुणाच्या गळ्यातल्या स्फटिकाला मी हसत नाही. पण त्याच्या भरवशावर मधुमेहाची गोळी बंद झाली, की गप्प बसवत नाही. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्याचे औषधोपचार रोखणे २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले. त्या कलमात मधुमेहाचे नाव नाही. तिथे लक्ष घरच्यांनीच ठेवायचे.

खडा खुशाल घाला. गोळी मात्र चुकवू नका.