‘पंचवीस हजार सुटतात’ म्हणजे हातात किती?

‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला शिरूरकडे ठरलेले उत्तर असते, ‘कंपनीत आहे.’ कंपनी म्हणजे रांजणगावची नाहीतर सणसवाडीची, हे वेगळे सांगावे लागत नाही. दौंडला हेच उत्तर ‘रेल्वेत आहे’, ‘एसआरपीत आहे’ किंवा ‘कुरकुंभला आहे’ असे येते. पण अलीकडे एक नवेच उत्तर कानावर येऊ लागले आहे, आणि ते देताना मुलाची आई जराशी चाचरते. ‘डिलिव्हरीला आहे, पुण्यात. पंचवीस हजार सुटतात.’ ऐकणारी बाई मनातल्या मनात म्हणते, पंचवीस म्हणजे काही वाईट नाहीत हो!

भगिनींनो, आज या पंचवीस हजारांचाच हिशोब मांडू या. किराण्याची, दुधाची, धोब्याची पै न् पै आपण वहीत लिहितो. मग घरातला तरुण मुलगा पाठीवर लाल नाहीतर केशरी पिशवी अडकवून दिवसभर उन्हातान्हात फिरतो, त्याच्या कमाईचा हिशोब काय म्हणून सोडायचा? आणि ज्यांच्या घरात असा मुलगा नाही, त्यांच्या दारात तरी तो येतोच. रविवारी रात्री कंटाळा आला की बिर्याणी मागवणाऱ्या आपणच की!

जानेवारी २०२६ मध्ये झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी स्वतःच काही आकडे जाहीर केले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, २०२५ साली त्यांच्याकडच्या डिलिव्हरीवाल्याची कमाई, टिप सोडून, तासाला सरासरी १०२ रुपये पडली. आदल्या वर्षी ती ९२ होती. रोज दहा तास आणि महिन्याला सव्वीस दिवस काम केले तर साधारण साडेसव्वीस हजार होतात, त्यातून पेट्रोल-दुरुस्तीचे वीस टक्के वजा जाता एकवीस हजार उरतात, असा त्यांचा हिशोब आहे. आपण तोच धरू. कंपनीने स्वतःची बाजू मांडताना दिलेला आकडा आहे, त्यामुळे तो कमी सांगितला असेल अशी भीती नको.

म्हणजे ‘पंचवीस सुटतात’ हे वरवरचे झाले. हातात येतात ते एकवीस, आणि तेही दहा तासांचे. कारखान्यातली पाळी असते आठ तासांची. त्याच मापाने मोजले तर महिन्याला एकवीस हजार दोनशेच्या आसपास मिळतात आणि खर्च जाऊन राहतात सतरा हजार. या सतरातून गाडीचा हप्ता जायचा. मोबाइलचा हप्ता आणि रिचार्ज जायचे, कारण फोन बंद पडला की धंदाच बंद. मुलगा शिरूरचा असेल तर रोज वाघोली-खराडीला येऊन-जाऊन शंभरेक किलोमीटर परवडत नाही. दौंडहून रेल्वेने हडपसरला उतरता येते खरे, पण गाडीशिवाय हे काम नाही आणि रात्री उशिरा सुटल्यावर परतायचे कसे? म्हणून चौघांत मिळून खोली घ्यायची, तिचा वाटा जायचा. दोन वेळचे बाहेरचे खाणे जायचे. उरले ते गावी.

शिवाय ही झाली सरासरी. तिच्यात मुंबई-पुण्याचे गजबजलेले भाग आहेत तसेच सुस्त भागही आहेत, दिवाळीचा आठवडा आहे तसा श्रावणातला सोमवारही आहे. घर मात्र सरासरीवर चालत नाही. दुधाचे बिल दर महिन्याला तेवढेच येते.

आता पैसे मिळतात कसे तेही पाहू, कारण खरी मेख तिथे आहे. या कामाला पगार नाही, दर ऑर्डरमागे रक्कम आहे. अंतर किती, वेळ कुठली, पाऊस आहे का, यावर ती कमीजास्त होते. त्यावर इन्सेंटिव्ह असतो; अमुक इतक्या ऑर्डरी पुऱ्या केल्या तर वर इतके पैसे. ऐकायला छान. पण एक ऑर्डर कमी पडली तर इन्सेंटिव्ह गेला, म्हणून रात्री साडेदहाला दमलेला मुलगा ‘अजून एकच’ म्हणत रस्त्यावर थांबतो. अपघात व्हायची वेळ नेमकी हीच. हॉटेलवाल्याने पदार्थ द्यायला वीस मिनिटे लावली तर त्या उभे राहण्याचे फारसे काही मिळत नाही. गिऱ्हाइकाने पत्ता चुकीचा टाकला तर वणवण याची. आणि एखाद्या तक्रारीवरून आयडी ब्लॉक झाला, तर दाद मागायला समोर माणूस नसतो, फोनवरचा मजकूर असतो. कारखान्यात निदान सुपरवायझरच्या टेबलाशी जाऊन भांडता तरी येते!

सुट्टी घेतली की त्या दिवसाचे शून्य. ताप आला, शून्य. बहिणीच्या लग्नाला चार दिवस गावी आला, चार शून्ये. फंड नाही, बोनस नाही, ग्रॅच्युइटी नाही, कारण कागदोपत्री तो कामगार नाहीच, ‘पार्टनर’ आहे. आपल्याकडे भागीदाराला नफ्यात वाटा असतो, दोन गोष्टी विचारून ठरवतात. इथे गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, फोन त्याचा, पाठीचा कणा त्याचा; भाव मात्र दुसऱ्याने ठरवायचा. ही कसली भागीदारी?

तालुक्याच्या गावी राहून हेच काम करणाऱ्यांची तऱ्हा निराळी. घरचे जेवण, घरची झोप, भाडे नाही, हे सुख मोठे. पण ऑर्डरी कमी आणि विखुरलेल्या. शिरूरमधून पार्सल घेऊन कारेगावला, कामगारांच्या खोल्यांपर्यंत जायचे आणि रिकाम्या हाताने परतायचे. परतीचे पेट्रोल घरचे. पेट्रोलने तर लिटरला शंभरी कधीच ओलांडली आहे. दौंडला रेल्वेने गावाचे दोन भाग केले आहेत. जवळ दिसणारा पत्ता रुळांच्या पलीकडे निघाला की मोरीतून वळसा. ऊसतोडणीच्या दिवसांत दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर रात्री रस्त्याने चालतात, मागे दिवा नाही की चकाकती पट्टी नाही. मोटारसायकलवाल्याला ते दिसतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. शिरूरच्या बेट भागात तर २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूतकडे बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली. तिकडच्या घरी मुलगा रात्री गाडीवर एकटा परतत असेल, तर आईचा जीव थाऱ्यावर कसा राहील? हा धोका कोणत्या दरपत्रकात धरलेला असतो, सांगा पाहू.

मला राहून राहून डबेवाल्यांची आठवण होते. तीही जेवण पोचवणारीच माणसे, आणि आपल्याच जिल्ह्याची; खेड, मावळ, जुन्नर, आंबेगावची, म्हणजे शिरूरच्या शेजारची. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत हे काम सुरू केले, १९५६ साली त्यांचा ट्रस्ट झाला. तिथे धंदा डबेवाल्यांचा स्वतःचा. टोळीची कमाई टोळीत सारखी वाटली जाते. आजारी पडलेल्याचा डबा दुसरा उचलतो. टाळेबंदीनंतर त्यांचेही दिवस वाईट आले, बरेच जण गावी परतले, हे खरे; पण भाव काय घ्यायचा हे ठरवायला ते आपापसांत बसत. आजचा डिलिव्हरीवाला दुसऱ्या डिलिव्हरीवाल्याला हॉटेलच्या दारात भेटतो, दोघे फोनकडे बघत उभे असतात, आणि ऑर्डर पडली की एक निघून जातो.

अर्थात, पोरे अगदीच मुकाट बसलेली नाहीत. २५ आणि ३१ डिसेंबर २०२५ ला देशभरातल्या संघटनांनी संपाची हाक दिली होती. त्यांची एक मागणी होती ती दहा मिनिटांत माल पोचवण्याच्या अटीविरुद्ध. आणि जानेवारीत केंद्रीय श्रममंत्र्यांनी लक्ष घातल्यावर ब्लिंकिटने ‘दहा मिनिटांत’ ही आपली जाहिरात काढूनही टाकली. थोडे का होईना, हलले.

कायद्याचेही थोडे सांगते, कंटाळू नका. सामाजिक सुरक्षा संहिता संसदेने २०२० मध्ये मंजूर केली आणि ती लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. अशा कामगारांचे नाव देशाच्या कायद्यात आले ते तिच्यामुळे. कंपन्यांनी वर्षाच्या उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या कल्याणनिधीत भरायची आहे; मात्र ती कामगारांना दिलेल्या पैशांच्या पाच टक्क्यांहून जास्त नसावी. विमा, आजारपण, म्हातारपण यांच्या योजना त्यातून व्हायच्या आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राने नियमांचा मसुदा काढला, त्यात एक अट आहे: एका कंपनीकडे वर्षात किमान ९० दिवस काम झालेले हवे, आणि अनेक कंपन्यांकडे मिळून असेल तर १२० दिवस. आता गंमत पाहा. झोमॅटोच्याच आकड्यांप्रमाणे त्यांच्याकडचा माणूस २०२५ मध्ये सरासरी ३८ दिवस काम करत होता. चार दिवस करून सोडणारे खूप, हे त्यातून दिसते. पण पेरणीला आणि सुगीला गावी येणारी, जत्रेला थांबणारी, दोन कंपन्यांत आलटून-पालटून लॉगिन करणारी आपली मुलेही काठावर राहू शकतात. म्हणून दिवस मोजायचे आपणच.

त्यासाठी एक वही घाला. शंभर पानी पुरे. रोज रात्री त्याने सांगायचे आणि कुणीतरी लिहायचे: आज कुठल्या कंपनीकडे लॉगिन, किती तास, किती ऑर्डरी, किती पैसे, समोर पेट्रोल, पंक्चर, चहापाणी. महिना संपला की तासाला काय पडले ते काढा. ते शंभरच्या बरेच खाली असेल तर झोन बदलावा, वेळ बदलावी की काम बदलावे, याचा विचार पुराव्यानिशी करता येतो. नाहीतर आपण पंचवीसच म्हणत बसतो आणि सहा महिन्यांनी टायर, चेनसेट आणि क्लचप्लेट एकदम आले की सोसायटीकडे हात पसरतो. गाडीची झीज हा खर्चच आहे, तो रोज होतो पण दिसत नाही. रोजचे पन्नास रुपये वेगळ्या डब्यात टाकत गेले तर ते दुखणे सुसह्य होते.

विम्याचे कागद एकदा काढून बघा. गाडी घरगुती वापराची म्हणून विमा उतरवलेली असेल आणि अपघात डिलिव्हरी करताना झाला, तर भरपाईला अडचण येऊ शकते. एजंटला स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी घ्या. ‘होतंय हो ताई’ यावर जाऊ नका. कंपनीकडून अपघात विमा असतो, पण तो कधीपासून कधीपर्यंत लागू, लॉगिन नसताना लागू आहे का, दवाखाना कुठला, हे घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक असलेच पाहिजे. रस्त्यावर पडलेला मुलगा अॅप उघडून दाखवू शकणार नाही. याशिवाय बँकेतून पंतप्रधान सुरक्षा विमा उतरवावा. वर्षाला अवघे वीस रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. वीस रुपयांत हल्ली कोथिंबिरीची जुडी येते. ई-श्रमची नोंदणी राहिली असेल तर तीही करून टाका. तिला फी नाही. आधारला जोडलेला मोबाइल आणि बँकेचे पासबुक बरोबर असले की झाले. आणि कंपनीकडून येणाऱ्या पैशांचे बँकेतले उतारे जपा. पगारपत्रक नसलेल्या मुलाला उद्या कर्ज हवे असेल, तर तेच त्याचे पगारपत्रक.

दारात येणाऱ्याचेही दोन शब्द. पत्ता टाकताना नकाशावरची खूण नीट आपल्या दारावर आणा, नुसते ‘मारुती मंदिराजवळ’ लिहू नका. आपल्याकडे कुठल्या गल्लीत मारुती नाही? तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर कुणीतरी खाली उतरा. पावसात उशीर झाला तर तारे कमी करू नका, त्यांचा फटका त्याच्या पुढच्या कामाला बसतो. गोयल यांच्याच म्हणण्याप्रमाणे शंभरातल्या पाचेक ऑर्डरींवरच टिप मिळते. दहा रुपये हातावर ठेवता आले तर ठेवा, आणि मे महिन्यात पाणी विचारा. या कामात मुलीही आहेत. त्यांची सर्वांत मोठी अडचण असते ती स्वच्छतागृहाची. ती त्या बोलून दाखवत नाहीत आणि मग पाणीच पीत नाहीत. एखादीने विचारले तर दार उघडे करायला काय हरकत आहे?

राहता राहिले त्याचे स्वतःचे जेवण. दिवसभर दुसऱ्यांची बिर्याणी पाठीवर वाहणारा मुलगा चार वाजता वडापाव खातो, कारण जेवणाची वेळ हीच ऑर्डरींची गर्दीची वेळ. गावाहून परत जाताना त्याला पोळी-भाजीचा डबा देऊन भागत नाही, भाजी उन्हात आंबते. त्यापेक्षा दशम्या द्या. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचे, चवीपुरते मीठ, थोडे तेल, आणि मंद आचेवर दोन्हीकडून नीट भाजायचे. गार झाल्यावर सुती फडक्यात बांधल्या तर दुसऱ्या दिवसापर्यंत मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी द्यावी. लसूण घालणार असाल तर तो आधी तव्यावर चांगला भाजून घ्या.