एका मृत्युपत्रातून उभे राहिलेले संग्रहालय

११ जानेवारी १७५३ रोजी सर हान्स स्लोन हे लंडनमधील नामांकित डॉक्टर वयाच्या ९२ व्या वर्षी निवर्तले. त्यांच्या संग्रहात तेव्हा ७१ हजारांहून अधिक वस्तू होत्या. ग्रंथ, हस्तलिखिते, नाणी, पदके, शिंपले, रत्ने, वाळवलेल्या वनस्पती असे सारे त्यांत होते. मागे दोन कन्या होत्या. रिवाजाप्रमाणे वाटणी झाली असती तर हा ठेवा लिलावात विखुरला असता. परंतु मृत्युपत्रात वेगळी तजवीज होती. संग्रह अखंड राहावा, तो प्रथम राजाला राष्ट्रासाठी देऊ करावा आणि मोबदल्यात कन्यांना २० हजार पौंड मिळावेत. स्लोन यांच्या मते ही रक्कम खऱ्या किमतीच्या चौथाईहूनही कमी होती. मायदेशी कोणीच तयार न झाल्यास पॅरिस, सेंट पीटर्सबर्ग, बर्लिन आणि माद्रिद येथील विद्वत्सभांना विचारावे, अशीही सोय होती. वारसांचा हक्क राखून संग्रहही न फोडणारी ही व्यवस्था व्यापारी घराण्यांनी अवश्य अभ्यासावी.

मात्र हे धन केवळ वैद्यकीतून आलेले नव्हते. १६९५ साली स्लोन यांनी जमैकातील एका मळेवाल्याच्या विधवेशी विवाह केला आणि गुलामांच्या श्रमावर चाललेल्या साखरेच्या मळ्यांचे उत्पन्न त्यांच्या घरात येऊ लागले. २०२० साली संग्रहालयानेच त्यांचा अर्धपुतळा चौथऱ्यावरून उतरवून, हा इतिहास सांगणाऱ्या मजकुरासह काचेच्या कपाटात ठेवला. ‘न्यायसंपन्न विभव’ हा मार्गानुसारीच्या ३५ गुणांतील पहिला गुण मानणाऱ्या आपल्या समाजाने हे पान घाईने उलटू नये.

२० हजार पौंड आणायचे कोठून? सरकारी तिजोरीतून ते मिळण्याची चिन्हे नव्हती. पार्लमेंटने १७५३ साली कायदा करून चक्क सोडत काढली! तीन पौंडांची एक अशी एक लाख तिकिटे, म्हणजे तीन लाख पौंड. त्यांतील दोन लाख बक्षिसांना, उरलेल्या एका लाखातून खर्च वजा जाता सुमारे ९५ हजार हाती आले. एकाच माणसाने फार तिकिटे घेऊ नयेत असा नियम होता. पण सोडतीच्या व्यवस्थापकांपैकी पीटर लेहूप यानेच खोट्या नावांनी गठ्ठेच्या गठ्ठे तिकिटे विकली आणि ती बाजारात चढ्या भावाने फिरू लागली. पुढे त्याला एक हजार पौंड दंड झाला. बेनामी व्यवहारांची ही जात बरीच जुनी आहे तर!

या पैशातून स्लोन यांचा संग्रह, १० हजार पौंडांची हार्ली घराण्याची हस्तलिखिते आणि मॉन्टेग्यू हाऊस हा वाडा घेतला गेला. काही रक्कम गुंतवून तिच्या व्याजातून पगार भागवण्याची योजना झाली, आणि कारभार विश्वस्तांकडे सोपवला गेला. १५ जानेवारी १७५९ रोजी दारे उघडली. प्रवेश विनामूल्य, पण आधी लेखी अर्ज करावा लागे, मग तिकिटाची वाट पाहावी लागे आणि आत लहान गटाने भरभर फिरवले जाई. १७८४ साली बर्मिंगहॅमचे विल्यम हटन यांनी कोणाकडून तरी सुमारे दोन शिलिंगांना तिकीट विकत घेतले आणि अर्ध्या तासात बाहेर पडावे लागल्याची तक्रार लिहून ठेवली.

ज्यांनी अशी तरतूद केली नाही, त्यांचे काय झाले? पंतप्रधान रॉबर्ट वॉल्पोल यांनी हॉटन येथे उत्कृष्ट चित्रे जमवली होती. परंतु घराणे कर्जात बुडाले. ती राष्ट्राने घ्यावीत, असे १७७७ साली जॉन विल्क्स यांनी पार्लमेंटमध्ये सुचवले, पण कोणी मनावर घेतले नाही. १७७९ साली दोनशेहून अधिक चित्रे सुमारे ४० हजार पौंडांना रशियाच्या कॅथरीन सम्राज्ञीने नेली. त्यानंतर ४५ वर्षांनी मात्र सरकार वेळेवर जागे झाले. विमा व्यवसायात नाव कमावलेले जॉन ज्युलियस अँगरस्टीन १८२३ साली वारले, तेव्हा त्यांची ३८ चित्रे ५७ हजार पौंडांना विकत घेण्यात आली. १० मे १८२४ रोजी पॅल मॉल रस्त्यावरील त्यांच्याच घरात ती लोकांसाठी मांडली गेली. नॅशनल गॅलरीला स्वतःची इमारत मिळायला १८३८ साल उजाडले.