मचाणावर नेण्याची सॅक

वैशाख पौर्णिमेच्या रात्री नागझिऱ्याच्या मचाणावर बसायला मिळणार असं कळलं की लोक आधी लेन्सची चौकशी करतात. मग कॅमेऱ्याची, मग दुर्बिणीची. सॅकबद्दल कोणी विचारत नाही. घरात मुलाची कॉलेजची असते, नाहीतर कंपनीनं लॅपटॉपबरोबर दिलेली असते. तीच भरायची आणि निघायचं. माझं मत अगदी उलट आहे. मचाणावर त्या रात्री तुम्हाला काय दिसेल हे लेन्सपेक्षा सॅकवर जास्त अवलंबून असतं, आणि चांगली सॅक स्वस्तात होते.

मचाणावर हरणाची वाट पाहणाऱ्यांसाठी सॅक बनवण्याचं शास्त्र अमेरिकेत वाढलं. तिथे पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार कायदेशीर आहे. शिकारी झाडाला बांधायची छोटी बैठक स्वतः पाठीवर वाहून नेतात, पहाटेच्या अंधारात वर चढतात आणि तासन्‌तास हलत नाहीत. गेल्या काही वर्षांत त्यातले बरेच जण स्वतःचं चित्रीकरणही स्वतःच करू लागले. खोडाला आडवा दांडा बसवून त्यावर कॅमेरा लावायचा, शिवाय चेहऱ्याकडे रोखलेला एक छोटा कॅमेरा. त्यामुळे तिथल्या सॅकची किंमत आपल्याकडच्या चांगल्या मोबाइलच्या घरात जाते. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचा प्रश्नच संपवला. अभयारण्यात चितळ मारलं तर तीन ते सात वर्षांची कैद आहे. पण बंदूक आणि धनुष्य वजा केलं तरी झाडावर गप्प बसण्याचं त्यांचं सगळं ज्ञान आपल्या उपयोगाचं आहे. हरणाला आपण दिसू नये, ऐकू येऊ नये, आपला वास जाऊ नये, एवढंच त्यांना हवं असतं. आपल्यालाही तेच हवं.

नागझिरा 1970 साली अभयारण्य झालं. 2013च्या डिसेंबरात नवेगाव, नवीन नागझिरा आणि कोका यांच्यासह त्याचा नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. व्यंकटेश माडगूळकर इथे येऊन राहिले आणि त्यांनी ‘नागझिरा’ लिहिलं, किरण पुरंदरे यांनी इथल्या चारशे दिवसांच्या मुक्कामावर ‘सखा नागझिरा’ लिहिलं. मारुती चितमपल्लींच्या वननोकरीतली वर्षं शेजारच्या नवेगावबांधला गेली. मराठी वाचकाला हे जंगल पुस्तकातून आधीच ओळखीचं असतं. चितळ, सांबर, भेकर, रानगवे, अस्वलं, रानकुत्र्यांच्या टोळ्या आणि वाघ, सगळं इथे आहे.

पूर्वी बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर बसून प्राण्यांची गणना व्हायची. उन्हाळ्यात पाणी थोड्याच ठिकाणी उरतं आणि चांदणं असतं, म्हणून ही रात्र निवडली गेली. एकच सांबर दोन पाणवठ्यांवर गेलं तर दोनदा मोजलं जातं, हा त्या पद्धतीतला दोष. वाघांपुरतं बोलायचं तर 2006पासून देशभर दर चार वर्षांनी होणाऱ्या अंदाजाचा भार कॅमेरा ट्रॅपवर आला. 2018च्या फेरीत 26,838 ठिकाणी असे कॅमेरे लावले गेले आणि त्यांनी सुमारे 3 कोटी 48 लाख छायाचित्रं टिपली. शास्त्राचं काम यंत्रांकडे गेल्यावर मचाणावरची रात्र वनविभागानं ‘निसर्गानुभव’ म्हणून लोकांसाठी ठेवली. दुपारी वर चढायचं आणि सकाळी उतरायचं. बरोबर बहुधा वनविभागाचा माणूस किंवा गावातला गाइड असतो. मधे खाली उतरायचं नाही.

आता सॅककडे येऊ. अमेरिकन शिकाऱ्याला बैठक, साखळ्या, धनुष्य आणि शेवटी मांस वाहायचं असतं, म्हणून त्याच्या सॅकला धातूची चौकट आणि कमरेचा जाड पट्टा लागतो. तुम्हाला वनविभागाची गाडी मचाणाच्या पायथ्याशी सोडते. पाठीवर ओझं असतं ते गाडीपासून शिडीपर्यंत. त्यामुळे महागड्या सॅकमधला सर्वांत महाग भाग तुम्हाला नकोच आहे. तीस-पस्तीस लिटरची, चौकट नसलेली साधी सॅक पुरते. दीड-दोन हजारांच्या पुढे जायचं कारण नाही. डेकॅथलॉनचा सोलोन्याक हा खास शिकारीच्या सामानाचा ब्रँड आहे, त्याची एखादी मातकट सॅक हाती लागली तर उत्तम. नाहीतर नागपूरला सीताबर्डीत किंवा गोंदियाच्या बाजारात जाड कॅनव्हासचा लष्करी धाटणीचा पिठ्ठू शोधा. दिसायला तो ओबडधोबड असतो, पण कॅनव्हास फांदीला घासला तर जवळजवळ आवाज करत नाही. चकचकीत नायलॉन मात्र प्रत्येक हालचालीला सळसळतं. दुकानात सॅक पाठीला लावून आरशात पाहू नका. कानाजवळ धरा आणि कापडावरून नख ओढा.

चेन आणि वेल्क्रो हे खरे शत्रू. एका मे महिन्यात संध्याकाळी सांबराची एक मादी बांबूच्या बेटातून पाणवठ्याकडे निघाली होती. चार पावलं टाकायची, थांबायची, एक कान पुढे, एक मागे. पाण्यापासून वीसेक फुटांवर ती आली आणि मचाणावरच्या एका पाहुण्यानं बॅटरी बदलण्यासाठी सॅकचा वेल्क्रोचा कप्पा उघडला. तो फाडल्यासारखा आवाज आम्हाला साधाच वाटला. मादीनं मान ताठ केली, पुढचा पाय जमिनीवर आपटला, शेपटी उभी केली आणि ‘पोंक’ असा एकच आवाज देऊन वळली. तिच्यामागून येणारी दोन चितळंही बांबूत विरघळली. शेजारी बसलेला वनमजूर हळूच म्हणाला, “आता नाही ये साहेब ते. आलं तं रात्री येईन.” रात्री आलं ते रानडुक्कर. सांबर आलंच नाही.

म्हणून सॅक विकत घेतल्यावर ती थेट जंगलात न्यायची नाही. वेल्क्रोवर सुती कापडाची पट्टी शिवून तो कायमचा बंद करा आणि त्या जागी बटण किंवा नाडी लावा. चेनच्या धातूच्या पकडी कापून सुतळीचे फास बांधा. चेनच्या दातांवर मेणबत्ती घासली की ती गुपचूप सरकते. छातीवरच्या पट्ट्याचा प्लास्टिकचा खटका काढून टाका. वर चढल्यावर त्याचा उपयोग नाही आणि उघडताना तो बंदुकीच्या चापासारखा वाजतो. बॅग दुरुस्त करणारा कारागीर हे सगळं तासाभरात आणि थोड्याच पैशांत करून देतो. आत जुन्या मऊ लुगड्याचं अस्तर लावून घेतलं तर बाटली आणि लेन्स एकमेकांवर आपटत नाहीत. मग घरातली माणसं झोपल्यावर अंधारात सॅकमधली प्रत्येक वस्तू काढून परत ठेवा. कोणी कूस बदलली नाही तर सॅक तयार आहे.

सॅक पुस्तकासारखी पूर्ण उघडणारी असावी. वरून तोंड असलेल्या सॅकमध्ये तळाची वस्तू काढायला हात कोपरापर्यंत घालून चाचपावं लागतं. मचाणावर दिवा लावता येत नाही. लावलाच तर मंद लाल, तोही खाली रोखून. पूर्ण उघडणाऱ्या सॅकमध्ये प्रत्येक वस्तूची जागा बोटांना पाठ होते. शिडीवरून मात्र ती पाठीला लावून चढू नका. दोन्ही हात मोकळे ठेवून आधी आपण चढायचं, मग दोरीनं सॅक वर ओढायची. अमेरिकन शिकाऱ्यांमध्ये झाडावरून पडून होणाऱ्या दुखापतींचं प्रमाण मोठं आहे. तिथले प्रशिक्षक हा नियम पहिल्या दिवशी शिकवतात.

रंगाबद्दल आपल्याकडे एक गैरसमज पक्का आहे की हिरवा-काळा ठिपक्यांचा कपडा घातला की झालं. 1990च्या दशकात जॉर्जिया विद्यापीठातल्या अभ्यासकांनी पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा डोळा तपासला. त्यात रंग ओळखणाऱ्या दोनच प्रकारच्या पेशी सापडल्या. लाल आणि नारिंगी हरणाला वेगळे ओळखता येत नाहीत. निळा मात्र त्याला ठळक दिसतो, विशेषतः पहाटे आणि संध्याकाळी. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत बंदुकीच्या हंगामात भडक नारिंगी जाकीट घालणं बंधनकारक आहे. माणसाला ते लांबून दिसतं, हरणाला तसं ठळक दिसत नाही. आपल्याकडच्या बहुतेक शाळा-कॉलेजच्या सॅका निळ्या असतात. मचाणावर न्यायला त्याहून वाईट रंग नाही. मातकट, खाकी, वाळल्या गवताचा रंग घ्या. दुसरं म्हणजे सॅक आणि कपडे पावडरीत धुऊ नका. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून पावडरीत असलेली द्रव्यं अतिनील किरणं शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. आपण त्याला स्वच्छता म्हणतो, हरणाला ती चमक दिसते. साध्या पाण्यात बुचकळून सावलीत वाळवलेली सॅक चांगली. अत्तर आणि डिओडरंट घरीच ठेवा. त्यांचा वास सांबराला तर जातोच, जवळपास आग्या मोहोळ असेल तर ते उठण्याची भीती वेगळी.

वजनाचा हिशेब पाण्यापासून सुरू होतो. मे महिन्यात गोंदियाचा पारा 44-45 अंशांवर जातो. माणशी किमान पाच लिटर पाणी लागतं, म्हणजे पाच किलो. ते सॅकमध्ये कॅमेऱ्याशेजारी ठेवू नका, वेगळ्या कापडी झोळीत ठेवा. पातळ प्लास्टिकच्या बाटल्या उन्हानं आणि पकडीनं कडकड वाजतात, स्टीलच्या मचाणाच्या लोखंडावर आपटतात. जाड बाटली जुन्या मोज्यात घातली की प्रश्न सुटला. खाण्याला चिवडा आणि चिप्स नकोत. दशम्या किंवा तिखट-मिठाच्या पुऱ्या सुती फडक्यात बांधून न्या. रुंद तोंडाची एक रिकामी बाटली लघवीसाठी असायलाच हवी. बायकांसाठी बाजारात नरसाळ्यासारखं साधन मिळतं. हे बोलायला लोक संकोचतात आणि मग तहान मारत रात्र काढतात. त्या उष्म्यात ते धोक्याचं आहे.

चित्रीकरणाचं सामान किती न्यायचं? दीडशे ते सहाशेची झूम लेन्स आणि कॅमेरा मिळून पावणेतीन किलोच्या आसपास जातात. तिपाई नेऊ नका. लोखंडी मचाणावर तिचे पाय खणखणतात आणि जागाही उरत नाही. कठड्याला आवळायचा एक क्लँप घ्या आणि त्याच्या जबड्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधा. दुसरा आधार म्हणजे बीनबॅग. ती घरून रिकामी न्यायची आणि इथे तांदळानं भरायची. गोंदिया हा राइस मिलचा जिल्हा, कणीचे दोन किलो तांदूळ कुठेही मिळतात. परतताना ते ज्याच्या घरी चहा घेतला त्याला देऊन टाका.

कॅमेऱ्यात आरशाची खटखट नको, म्हणून मिररलेस आणि इलेक्ट्रॉनिक शटर. बीप, फोकसचा दिवा, मागचा पडदा, सगळं बंद. छोट्या कॅमेऱ्याचा लुकलुकणारा लाल ठिपका काळ्या चिकटपट्टीनं झाका. आवाजाचं हे दुखणं नवं नाही. जिम कॉर्बेट यांनी 1930च्या दशकात वाघांचं चित्रीकरण केलं तेव्हा सिने कॅमेऱ्याची घरघर वाघांना ऐकू जायची. त्यांनी ओढ्यावर बांध घालून छोटे धबधबे तयार केले आणि पाण्याच्या आवाजात कॅमेरा लपवला. त्यांना ही गोडी लावली ती संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी. पायवाटेवर तार ताणून वाघाकडूनच त्याचं छायाचित्र काढून घेणारे ते पहिले. आज सरकार जे कॅमेरा ट्रॅप लावतं त्यांचं मूळ तिथे आहे.

स्वतःला चित्रित करायचा मोह मात्र आवरा. चेहऱ्याकडे रोखलेला कॅमेरा आला की माणूस कुजबुजत बोलू लागतो, हातवारे करतो, चौकट नीट करायला वळतो. एकेक हालचाल मिळून मचाण हलतं. फार तर कठड्याला एक छोटा कॅमेरा रुंद चौकटीत लावून विसरून जा. कायद्याचीही बाजू आहे. अभयारण्यात चित्रीकरणाला परवानगी लागते आणि 2022च्या दुरुस्तीनं स्पष्ट केलं आहे की अधिवासात बदल किंवा त्यावर वाईट परिणाम होता कामा नये. 31 डिसेंबर 2024ला शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी वेढलं आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. सफारीतल्या मोबाइलवरची बंधनं त्यानंतर अधिक कडक झाली. मचाणावर मोबाइल चालेल का, हे आरक्षण करतानाच विचारा आणि चालणार नसेल तर सॅकमध्ये दडवून नेऊ नका.

याच जंगलाच्या काठावर दिवाळीच्या सुमारास दुसरी मचाणं उभी असतात. धान कापणीला आलेलं असतं आणि रानडुकरं, चितळं रात्री बांधीत उतरतात. शेतकरी थंडीत जागलीला बसतो. त्याच्याजवळ घोंगडी, बॅटरी, काठी आणि वाजवायला टिनाचा डबा असतो. त्याला आवाज हवा असतो, आपल्याला नको असतो. वर्षभर त्या हरणांचा भार सोसणारा तो आहे. जंगलात पाहुणे म्हणून जाणाऱ्यांनी एकदा त्याच्याही मचाणावर बसून चहा घ्यावा. हरीण कुठून येतं, वारा कसा फिरतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

घरी आल्यावर कार्डातली चित्रफीत पाहताना दोन गोष्टी करा. समाजमाध्यमावर टाकण्याआधी ठिकाणाची नोंद काढून टाका, कारण पाणवठ्याचं नेमकं ठिकाण शिकाऱ्यालाही हवं असतं. दुसरं म्हणजे पाणवठ्याकडे येणाऱ्या वाटा चौकटीत मोठ्या करून बघा. झुडपात तारेचा फास दिसला, एखाद्या चितळाच्या मानेला किंवा पायाला तार अडकलेली दिसली, तर तो भाग वेळेसकट त्याच दिवशी वनपरिक्षेत्र कार्यालयात नेऊन दाखवा.