सभा फोनवर, रक्तदान मात्र लंकेतच

श्रावणी सोमवारी बनारसचा गोदौलिया ते मैदागिन रस्ता वाहनांना बंद. भेलूपुराहून सभेला निघालेला सभासद दुर्गाघाटाच्या गल्लीत पोचतो तोवर आभारप्रदर्शन सुरू झालेलं असतं. इथल्या जुन्या मराठी घरांतली पुढची पिढी तर पुण्यात, बंगळुरूत, न्यू जर्सीत. अशा ठिकाणी सेवाभावी क्लब ऑनलाइन चालवू या म्हटलं, की पहिला आक्षेप ठरलेला: हे करोनातलं खूळ आहे, नियमांत बसत नाही.

बसतं, आणि करोनाच्या कितीतरी आधीपासून. रोटरीचंच घ्या, वाराणसी तिच्या 3120 क्रमांकाच्या डिस्ट्रिक्टमध्ये येते. रोटरीचा पहिला ई-क्लब 2002 साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोत निघाला. 2004 मध्ये अशा क्लबांना प्रयोग म्हणून परवानगी मिळाली, 2010 मध्ये ती कायम झाली. 2016 साली ई-क्लब आणि नेहमीचा क्लब हा भेदच नियमांतून गेला. प्रत्यक्ष भेटा, ऑनलाइन भेटा किंवा दोन्ही करा. महिन्यातून किमान दोनदा भेटा म्हणजे झालं. आणि 1905 साली शिकागोत हे सगळं सुरू झालं तेव्हा तरी ठरलेलं हॉटेल कुठे होतं? सभासद आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत जमत. घंटा, कॉलर, व्यासपीठ हा थाट मागाहून आला.

दुसरा आक्षेप: ‘नव्या क्लबला एवढी माणसं आणायची कुठून?’ नव्या क्लबला 20 सभासद लागतात हे खरं. पण एखाद्या चालू क्लबला जोडलेला सॅटेलाइट क्लब आठ जणांत उभा राहतो. घाटावरचे तिघे आणि बाहेरगावी गेलेले पाच, जमलं की!

‘ऑनलाइन क्लब म्हणजे नुसत्या गप्पा, सेवा कसली?’ या आक्षेपात सभा आणि सेवा यांची गल्लत आहे. पडद्यावर जाते ती सभा. पोलिओचे दोन थेंब कुणी फोनवरून पाजले नाहीत. रोटरीने 1985 पासून पोलिओचं काम अंगावर घेतलं, आणि भारतातला शेवटचा रुग्ण 2011 च्या जानेवारीत सापडला तोवर उत्तर प्रदेशात दारोदार माणसंच फिरत होती. रक्तदानाचंही तसंच. ते लंकेतच होणार (बनारसची लंका, बीएचयूच्या फाटकासमोरची, रावणाशी संबंध नाही), सर सुंदरलाल रुग्णालयात. मात्र त्यामागची जुळवाजुळव घरबसल्या उत्तम होते. कुणाचा रक्तगट काय, शेवटचं रक्तदान कधी, पुरुषाला 90 आणि स्त्रीला 120 दिवस झाले का, हिमोग्लोबिन किमान साडेबारा आहे का, ही यादी पुण्यात बसलेली सभासद सांभाळू शकते. कोणत्या रक्तपेढीत किती साठा आहे हे सरकारच्या ई-रक्तकोष पोर्टलवर दिसतं. साठवलेलं रक्त साधारण 35 दिवस टिकतं, तेव्हा एकाच दिवशी शंभर पिशव्या जमवून फोटो काढण्यापेक्षा महिनाभर थोडेथोडे दाते पाठवणं शहाणपणाचं. हे नियोजन सत्कार-समारंभातल्यापेक्षा अर्ध्या तासाच्या कॉलवर बरं होतं, असं माझं मत.

व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे क्लब नव्हे, हेही एकदा सांगून टाकू. सुप्रभातच्या फुलांखाली पडलेले तेवीस अंगठे म्हणजे ठराव नव्हे. विषयपत्रिका आधी पाठवा, गणपूर्ती मोजा, सूचक-अनुमोदकांची नावं घ्या आणि इतिवृत्त लिहा. सभा मोफत झूमवर असेल तर चाळीस मिनिटांत कॉल तुटतो. लांबण लावणाऱ्या वक्त्यावर इतका चांगला इलाज दुसरा नाही.

संस्था नोंदलेली असेल तर मात्र जपून. सोसायट्यांचा कायदा 1860 चा, टेलिफोनच्याही आधीचा. ऑनलाइन सभेबद्दल त्यात काही नसणारच. त्यामुळे आपल्या नियमावलीतच तशी तरतूद करून घ्यावी. संस्थेचे उद्देश बदलायचे असतील तर कायदा तीन-पंचमांश सभासदांची मतं जातीने किंवा प्रतिनिधीमार्फत मागतो, आणि महिन्याच्या अंतराने दुसरी सभाही. असले ठराव खोलीत बसूनच करावेत.

खरा घोटाळा होतो तो पैशांत. क्लब ऑनलाइन झाला की सभासद परदेशातही असतात आणि कुणीतरी म्हणतं, ‘खजिनदारांच्या नंबरवर टाका, नंतर बघू.’ हे बघणं महागात पडतं. पहिली गोष्ट, खातं संस्थेचंच हवं. दुसरी, रोख देणगी 2000 रुपयांच्या वर गेली तर देणाऱ्याला आयकरातली सवलत मिळत नाही. तिसरी गोष्ट बहुतेकांना उलटीच वाटते: पैसा परदेशातून आला म्हणजे परकीय देणगी आणि रुपयांत आला म्हणजे देशी. परकीय देणग्यांचा कायदा (एफसीआरए) चलन बघत नाही, देणारा कोण ते बघतो. भारतीय पासपोर्टवर दुबईत राहणाऱ्या भावाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. अमेरिकन नागरिक झालेल्या बहिणीकडे ओसीआय कार्ड असलं तरी कायद्याच्या लेखी ती परदेशी. तिने बनारसला येऊन रुपयांचा चेक फाडला तरी ती परकीय देणगीच. त्यासाठी एफसीआरए नोंदणी किंवा आगाऊ परवानगी हवी, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. छोट्या क्लबाने या वाटेला जाऊ नये. बहिणीला सभासद करून घ्यावं, रक्तदात्यांची यादी सांभाळायला द्यावी आणि तिच्याकडून देणगी घेऊ नये.

एक आक्षेप मला मान्य आहे. नवा सभासद पडद्यावर रुळत नाही. सभा संपल्यावर कचोरी-जिलेबीभोवती जी ‘फेलोशिप’ चालते तिथे कोण डॉक्टर, कोणाची गाडी रिकामी, कोण रात्री फोन उचलतो हे कळतं. कॉल संपला की मात्र सगळे एकदम गायब होतात. म्हणून नव्याला पहिले दोन-तीन महिने प्रत्यक्ष उपक्रमांना बोलवावं, सभांना नंतर.