वहिनींच्या हाताची किंमत

"मी कुठे कमावते आहे, भाऊजी, की माझं नुकसान व्हावं?"

हे उद्गार आमच्या वहिनींचे. उजवा हात गळ्यात अडकवलेला, कोपरात पट्टी आणि स्क्रू बसवलेले, आणि पुढ्यात वकिलांनी पाठविलेला एक कागद. त्यात 'व्यवसाय' आणि 'मासिक उत्पन्न' असे दोन रकाने होते. वहिनींना लिहिता येत नव्हते, म्हणून लेखणी माझ्या हाती आली. "दोन्हीकडे 'काही नाही' असं लिहा," त्या म्हणाल्या. वय वर्षे बावन्न. तीस वर्षे ज्यांनी सहा माणसांचा संसार ओढला, त्यांनी स्वतःच्या आयुष्यापुढे लिहावयास सांगितलेले शब्द हे!

घटना साधीच. सकाळी भाजी घेऊन परतताना कर्वे रस्त्यावर एका मोटारीने त्यांना उडविले. मोटार चालविणारा तरुण पळून गेला नाही. त्यानेच इस्पितळात पोचविले. दुसऱ्या दिवशी सफरचंदे घेऊन आला आणि हात जोडून उभा राहिला. झाले, आमचे सारे घर विरघळले. दादा म्हणाले, "चांगल्या घरचा मुलगा दिसतो. त्याच्याकडून पैसे कसले मागायचे? शिवाय शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये."

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेक घरांत असेच बोलणे झाले असते. म्हणूनच हा लेख.

पैसे कोण देतो?

मोटार रस्त्यावर आणावयाची तर तिसऱ्या पक्षाला होणाऱ्या इजेचा विमा उतरविणे कायद्याने सक्तीचे आहे. हा 'तिसरा पक्ष' म्हणजे तुम्ही-आम्ही, रस्त्याने जाणारी माणसे. विमा चालू असेल, तर भरपाई सामान्यतः विमा कंपनी देते. तिच्यासाठी हप्ता आधीच भरलेला असतो. तेव्हा भरपाई मागणे म्हणजे त्या मुलाच्या घरावर नांगर फिरविणे नव्हे, की कुणापुढे पदर पसरणेही नव्हे.

आणि ही पायरी नेहमीच्या कोर्टाची नाहीच. पूर्वी अशा भरपाईसाठी दिवाणी दावा लावून रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागे. १९५६ साली मोटार कायद्यात दुरुस्ती होऊन वेगळ्या न्यायाधिकरणांची सोय झाली. आजचा कायदा १९८८ चा. त्याप्रमाणे अपघात जेथे झाला तेथे, आपण राहतो तेथे, किंवा प्रतिवादी राहतो तेथे, यांपैकी सोयीच्या ठिकाणी अर्ज करता येतो. पुणेकरांना त्यासाठी शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयापर्यंत जावे लागते, इतकेच.

हाताचा हिशेब

आता खरा प्रश्न. हाताची किंमत ठरते कशी? २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तो हिशेब नीट उलगडून दाखविला. औषधोपचार व शुश्रूषेचा खर्च, बुडालेली कमाई, पुढे बुडणारी कमाई, पुढील उपचार, सोसलेल्या वेदना, आयुष्यातल्या साध्यासुध्या सुखांना मुकणे, असे भरपाईचे वेगवेगळे रकाने आहेत. त्यात एक मर्माची गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी दिलेला अपंगत्वाचा टक्का आणि कमाई घटल्याचा टक्का या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेलेला सुतार पुरा बेकार होतो. तोच हात गेलेला कारकून कदाचित त्याच खुर्चीवर त्याच पगारात काम करीत राहील. म्हणजे नुसता हात पाहावयाचा नाही, तो हात करीत काय होता हे पाहावयाचे.

मग वहिनींचा हात करीत काय होता? कणीक मळीत होता, दळणाचा डबा उचलीत होता, सासूबाईंना आंघोळ घालीत होता.

'काही नाही' असे कोण म्हणतो?

कायद्यालाही हे लवकर उमगले असे नाही. १९९४ साली कायद्याला जे कोष्टक जोडले गेले, त्यात न कमावत्या जोडीदाराचे उत्पन्न कमावत्या जोडीदाराच्या एकतृतीयांश धरावे असे होते. म्हणजे नवऱ्याला बढती मिळाली की बायकोच्या पोळ्यांची किंमत वाढणार!

पुढे २००१ साली, जमशेदपूरच्या १९८९ मधील भीषण आगीच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने मृत गृहिणींच्या सेवेचे मोल महिना ३,००० रुपये धरले. २०१० साली एका गृहिणीच्या अपघाती मृत्यूच्या खटल्यात न्यायमूर्ती गांगुली यांनी खेद व्यक्त केला तो निराळ्याच गोष्टीबद्दल. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या स्त्रियांना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या पंक्तीला, अनुत्पादक म्हणून बसविले होते. आपल्या आईला आपण कोणत्या रकान्यात घातले आहे, हे किती जणांना ठाऊक होते?

जानेवारी २०२१ मधील निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी सरकारी पाहणीचे आकडेच पुढे ठेविले. २०१९ च्या त्या पाहणीप्रमाणे बिनपगारी घरकामात स्त्री दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालविते, पुरुष ९७. गृहिणीचे उत्पन्न ठरविणे म्हणजे तिच्या श्रमाला, त्यागाला मान देणे होय, असा त्या निकालाचा आशय. त्याला एकच ठरीव सूत्र नाही. किमान वेतन, वय, शिक्षण, घरातील जबाबदाऱ्या पाहून न्यायाधिकरण रक्कम ठरविते.

नमुन्यादाखल पाहा. समजा, गृहिणीचे मासिक उत्पन्न १०,००० रुपये धरले. वर्षाचे झाले १,२०,०००. कमाईची शक्ती ३० टक्के घटली असे ठरले, तर वार्षिक नुकसान ३६,०००. वय ५१ ते ५५ असेल तर त्याला ११ ने गुणावयाचे, कारण वयाप्रमाणे गुणक २००९ च्या निकालाने ठरून गेले आहेत. उत्तर आले ३,९६,०००. इस्पितळाची बिले, शुश्रूषा, वेदना यांचे रकाने याहून वेगळे. आणि आम्ही लिहिणार होतो 'काही नाही'!

घरच्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट उपचाराची. २०२५ च्या केंद्रीय योजनेप्रमाणे रस्त्यावरील अपघातग्रस्तावर नेमलेल्या इस्पितळांत पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार होऊ शकतात.

दुसरी, पोलिसांत नोंद. मोटारीचा क्रमांक, फिर्याद आणि पंचनामा यांच्या नकला मिळवाव्यात. मोटारवाला पळून गेला आणि वाहनाचा पत्ताच लागला नाही, तरी गंभीर दुखापतीस ५०,००० रुपये व मृत्यूस दोन लाख अशी निराळी तरतूद आहे.

तिसरी, मुदत. २०१९ च्या दुरुस्तीने अर्जास अपघातापासून सहा महिन्यांची मर्यादा घातली व ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या मर्यादेवर न्यायालयांत वाद उपस्थित झाले आहेत, पण त्या भरवशावर स्वस्थ बसू नये.

चौथी, घाईने सही करू नये. कुणाची चूक हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख व मृत्यूला पाच लाख मिळण्याची वाट कायद्यात आहे. परंतु ती रक्कम एकदा स्वीकारली, की न्यायाधिकरणापुढचा मोठा अर्ज संपतो. आधी वकिलाकडून हिशेब मांडून घ्यावा, मग काय ते ठरवावे.

पाचवी गोष्ट बायकांनीच करावयाची. वही ठेवावी. वहिनींच्या आजारपणात पोळ्यांना बाई लावली, सासूबाईंसाठी दिवसाची दुसरी, धुण्याभांड्यांना तिसरी. तिघींचे पगार वहिनींच्या मुलीने तारखेवार लिहून त्यांच्या सह्या घेतल्या होत्या. वकील ती वही चाळून म्हणाले, "यापेक्षा चांगला पुरावा कोणता?" खरेच होते. तीस वर्षे जे काम फुकट दिसत होते, ते तीन माणसे मिळून करीत होती आणि तरी भाजीला ती चव येत नव्हती!

निकाल अजून लागावयाचा आहे. डॉक्टरांची साक्ष बाकी आहे. नुसता दाखला जोडून भागत नाही, हेही आम्ही शिकलो. वहिनींचा हात खांद्याच्या वर जात नाही, आणि तो कुठल्याही रकमेने जाणार नाही, हे आम्ही जाणून आहोत. यंदा चकल्यांचा सोऱ्या दादांनी दाबला. चकल्या वाकड्या झाल्या, पण संपल्या.

तो अर्ज मात्र मी त्या दिवशीच पुरा केला. मासिक उत्पन्नाचा आकडा वकिलांवर सोपविला आणि व्यवसायाच्या रकान्यात मोठ्या अक्षरांत लिहिले, 'गृहिणी'. वहिनींनी डाव्या हाताने अंगठा उमटविला आणि विचारले, "एवढंच?"

"एवढंच नव्हे, वहिनी," मी म्हणालो, "पण रकान्यात इतकंच मावलं."